खोकल्यावर घरात काय द्यावं, कुणाला आणि कुठवर

सर्दी आठवडाभरात आवरते, पण तिच्यामागून आलेला खोकला इतक्या लवकर जात नाही. साध्या, विषाणूंमुळे झालेल्या सर्दीनंतरचा खोकला सरासरी अडीच आठवडे चालतो. आपला हिशेब मात्र आठवड्याचा असतो, त्यामुळे आठव्या दिवशीही घरात ढास ऐकू आली की धीर सुटतो. डॉक्टर बदलले जातात, कुणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून अँटिबायोटिक येतं, मुलाच्या सिरपच्या जोडीला आणखी एक सिरप सुरू होतं. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. कफ पिवळा किंवा हिरवट झाला म्हणून ते लागतंच असंही नाही. तो रंग बहुतेक वेळा आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो; विषाणूंशी झुंजताना त्या कफात उतरतात.

घरगुती उपायांची जागा या अडीच आठवड्यांत आहे. ते विषाणू मारत नाहीत, दुखण्याचे दिवसही फारसे कमी करत नाहीत. घसा ओला ठेवणं, चिकट कफ सैल करणं, नाक मोकळं करणं आणि रात्रीची झोप मिळवून देणं ही त्यांची कामं. खोकणारं मूल मांडीवर घेऊन ज्यानं रात्र काढली आहे, तो या कामांना कमी लेखणार नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या भेसळयुक्त सिरपमुळे वीसहून अधिक लहान मुलं दगावली. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यांत वापरायचं विषारी रसायन निघालं. त्यानं मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सूचना काढली की, दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. त्या बातम्यांनंतर पुष्कळ आईवडील मसाल्याच्या डब्याकडे वळले. वळावंच. पण त्या डब्यातलं सगळं सगळ्यांना चालतं असं नाही. तान्ह्या बाळाला घातक ठरणाऱ्या गोष्टीही त्याच फळीवर असतात. म्हणून कुठलाही उपाय करण्याआधी तीन प्रश्न विचारायचे: हा कुणाला द्यायचा, कशासाठी द्यायचा आणि किती दिवस द्यायचा.

आधी गरम घोट

सगळ्यात साधा उपाय म्हणजे गरम पेय. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठातल्या सर्दीवर संशोधन करणाऱ्या केंद्रानं २००८ मध्ये एक छोटा प्रयोग केला होता. सर्दी झालेल्या तीस जणांना फळांच्या रसाचं पेय दिलं, काहींना गरम, काहींना साधं. साध्या पेयानं नाक गळणं, शिंका आणि खोकला यांत थोडा आराम पडला. गरम पेयानं त्यांच्या जोडीला घसादुखी, थंडी वाजणं आणि थकवाही लगेच हलका झाला. म्हणजे काढ्यात कोणती मुळी घातली यावर वाद घालण्याआधी काढा गरम आहे, याचंच श्रेय त्याला द्यायला हवं.

आपल्याकडे या गरम पेयांची काय कमतरता! कोकणात उकड्या तांदळाची पेज आणि कुळथाचं सार, देशावर मुगाचं कढण, घाटावर मटणाचा अळणी रस्सा, कुठे टोमॅटोचं सार, कुठे ताकाऐवजी लसणाची फोडणी दिलेलं आमसुलाचं पाणी. आजारी माणसाच्या पोटात जेवण जात नाही, तेव्हा ही पेयं पाणी, मीठ आणि थोडी ताकद एकाच वाटीतून देतात. शरीरात पाणी कमी पडलं की कफ घट्ट होतो आणि घट्ट कफ सुटायला जास्त खोकावं लागतं. दिवसातून चार-पाच वेळा अर्धी-अर्धी वाटी द्या. तिखट कमी ठेवा. वर तेलाचा तवंग नको, कारण काहींना तेलकटानं लगेच ढास लागते.

दूध बंद करावं का, हे हमखास विचारलं जातं. दुधानं कफ वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. दूध प्यायल्यावर घशात थोडा वेळ चिकटपणा जाणवतो, त्यालाच आपण कफ समजतो. मुलाचं निम्मं पोषण दुधावर असेल तर सर्दीपायी ते तोडू नका.

मध

स्वयंपाकघरातल्या सगळ्या उपायांत ज्याच्या बाजूनं सगळ्यात जास्त पुरावा आहे, तो मध. २००७ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात १०५ मुलांवर झालेल्या अभ्यासात झोपण्याआधी मध दिलेल्या मुलांची रात्र, काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा बरी गेली. खोकला दाबणाऱ्या नेहमीच्या औषधापेक्षाही मध कमी पडला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्येच घसा शांत करणाऱ्या सुरक्षित घरगुती पदार्थांत मधाचा उल्लेख केला होता. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनाही आता साध्या खोकल्याला आधी मध घेऊन बघा म्हणतात.

प्रमाण सोपं आहे. एक ते पाच वर्षांच्या मुलाला अर्धा छोटा चमचा, त्याहून मोठ्यांना एक चमचा, मोठ्या माणसांना एक ते दोन. झोपण्याच्या अर्धा तास आधी तसाच चाटवा किंवा कोमट पाण्यात घालून द्या. मग दात घासून किंवा चूळ भरून झोपवा, नाहीतर दात किडतात. मध उकळत्या पेयात घालू नये असं आयुर्वेद सांगतो. फार तापवल्यावर मधातले वास आणि नाजूक घटक उडून जातात, तेव्हा काढा ओठांना सोसेल इतका निवला की मगच मध मिसळावा. मधुमेह असलेल्यांनी मधाला साखरच समजावं आणि त्या दिवशीच्या हिशेबात धरावं.

एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध द्यायचा नाही. बोटावर घेऊन चाटवायचा नाही, घुटीत मिसळून नाही, सोन्याच्या अंगठीनं नाही आणि बारशाच्या दिवशी शास्त्रापुरता म्हणूनही नाही. मधात बॉट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते तग धरत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात मात्र वाढून विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, ओढून दूध पीत नाही, रडणं क्षीण होतं आणि पुढे श्वासाचे स्नायूही बंद पडू शकतात. मध घरच्या पोळ्याचा असला, उकळून गाळलेला असला तरी हे बीजाणू मरत नाहीत. घरातल्या मोठ्यांच्या मनात मध चाटवण्यामागे मायाच असते, त्यामुळे नाही म्हणणं जड जातं. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा पहिल्याच लसीकरणाच्या दिवशी त्यांना बरोबर न्या आणि हा प्रश्न त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं घरात टिकतं.

मध विकत घेताना पाण्यात थेंब टाकून बघणं, कागदावर पसरून बघणं या परीक्षांवर विसंबू नका. साखरेच्या पाकाची आजची भेसळ त्यांना चकवते. ओळखीच्या मधपाळाकडून किंवा मधकेंद्रातून मिळाला तर उत्तम. महाबळेश्वरजवळचं मांघर हे २०२२ पासून देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. त्या भागातला मध आता बऱ्याच शहरांत मिळतो.

काढा

दोन माणसांचा काढा असा करा. अडीच कप पाणी उकळायला ठेवा. त्यात बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून, सात-आठ तुळशीची पानं, गवती चहाच्या दोन पाती तोडून, तीन मिरे भरडून, एक लवंग आणि नखाएवढा दालचिनीचा तुकडा घाला. मंद आचेवर पाणी दीड कपापर्यंत आटवा, झाकून पाच मिनिटं मुरू द्या आणि गाळा. गोडीला गूळ. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, दर वेळी अर्ध्या कपाच्या आत. आलं ताजं नसेल तर पाव चमचा सुंठ चालते, पण सुंठ जास्त तिखट असते हे लक्षात ठेवा.

करोनाच्या काळात काढ्याचं प्रमाण सुटलं होतं. आयुष मंत्रालयानं २०२० मध्ये सुचवलेल्या काढ्यात चार भाग तुळस, दोन भाग दालचिनी, दोन भाग सुंठ आणि एक भाग मिरे होते, तेही दिवसातून एकदा-दोनदा. घरोघरी मात्र मिरे आणि लवंगा मुठीनं पडल्या आणि दिवसातून चार-चार वेळा प्यायल्यावर लोक छातीत जळजळ, तोंड येणं, मूळव्याधीतून रक्त अशा तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे गेले. आम्लपित्त असलेल्यांनी मिरे-लवंग वगळून नुसता आलं-गवती चहाचा काढा घ्यावा. पाच वर्षांखालच्या मुलांना काढा नकोच. त्याहून मोठ्या मुलाला पाव कप, पातळ आणि मिऱ्यांशिवाय.

गुळवेल रोजच्या काढ्यात घालायची सवयही त्याच काळात लागली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञांनी सोडवावा. साध्या खोकल्यासाठी गुळवेल लागतच नाही, तेव्हा यकृताचा किंवा थायरॉइडचा विकार असलेल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

अडुळसा, ज्येष्ठमध आणि सितोपलादी

अडुळशाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून तो गावाकडे कुंपणाला लावतात. लांबट, कडू पानं आणि पांढऱ्या फुलांचे तुरे ही त्याची ओळख. त्याच्या पानांत व्हॅसिसीन नावाचा अल्कलॉइड असतो. त्याच्यावर काम करता करताच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, आणि ब्रोमहेक्सिनपासून शरीरात बनणारा पदार्थ म्हणजे ॲम्ब्रॉक्सॉल. ही दोन्ही नावं खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर तुम्ही वाचली असतील. कुंपणाच्या झुडपाचं हे कर्तृत्व मला मोठं वाटतं.

घरी वापरायची पद्धत अशी. चार-पाच पानं धुऊन वाफवायची किंवा तव्यावर मऊ करायची, ठेचून फडक्यात पिळायची आणि निघालेल्या रसाचे दोन छोटे चमचे एक चमचा मधातून मोठ्या माणसानं दिवसातून दोनदा घ्यायचे. पाच-सहा दिवस, त्याहून जास्त नाही. छातीत कफ भरलेला असतो आणि सुटत नाही, तेव्हाचा हा उपाय. कोरड्या ढासेला त्याचा फार उपयोग नाही. अडुळशानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं, त्यामुळे गर्भवती स्त्रीनं तो कोणत्याही रूपात घेऊ नये, तयार अवलेह किंवा सिरपमधूनही नाही. बाटलीवर ‘वासा’ असं लिहिलेलं असतं, तोच अडुळसा. आणि झाड नक्की ओळखता येत नसेल तर पान तोडू नका.

कोरड्या ढासेला ज्येष्ठमध. काडीचा छोटा तुकडा गालात धरून चघळला की घशावर गोडसर लेप बसतो आणि बोलताना लागणारी खाज थांबते. कीर्तनकार, गायक आणि शिक्षक यांच्या खिशात तो असतोच. पण ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे अंगात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब चढतो. रक्तदाबाचं, हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असलेल्यांनी आणि गर्भवतींनी तो टाळावा. बाकीच्यांनीही आठवड्यापलीकडे रोज चघळू नये. ज्यांनी तो टाळायचा त्यांना बेहड्याची साल, खडीसाखरेचा खडा किंवा आलेपाकाची वडी तोंडात धरता येईल. लाळ सुटत राहणं हाच यातला मुख्य फायदा आहे.

सितोपलादी चूर्ण बहुतेक घरांत असतं. शार्ङ्गधर संहितेतलं त्याचं प्रमाण उतरतं आहे: खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन, दालचिनी एक. म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच. आजीला मधुमेह असेल आणि ती ‘औषधच आहे’ म्हणून दिवसातून चार वेळा मधातून चूर्ण घेत असेल, तर तिची साखर का वाढली याचं कोडं तिथेच सुटतं.

हळदीचं दूध

एक कप दुधात पाव ते अर्धा चमचा हळद घालून दूध एकदा उकळी येईपर्यंत तापवा, चिमूटभर मिरपूड टाका, रात्री घ्या. मिरपूड चवीपुरती नाही. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात झालेल्या अभ्यासात मिऱ्यातल्या पिपरीनमुळे हळदीतलं कर्क्युमिन रक्तात कितीतरी पटींनी जास्त उतरल्याचं दिसलं. तरी हळदीत कर्क्युमिन असतं जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास, तेव्हा एका कपातून औषधाची मात्रा मिळते असं समजू नका. गरम दूध घसा शेकतं आणि झोप लावतं, एवढं त्याचं काम नक्की आहे. चमचा-चमचा हळद ओतून ते वाढत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर स्वयंपाकातली हळद आणि आलं खुशाल खा, वेगळे चमचे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. फार झळझळीत पिवळ्या सुट्या हळदीत शिशाच्या रंगाची भेसळ सापडलेली आहे. ओळखीच्या दुकानातून हळकुंडं आणून दळून घेतली तर या भेसळीचा धोका बराच कमी होतो.

घसा आणि नाक

गुळण्यांना अर्धा चमचा मीठ आणि एक पेला कोमट पाणी पुरे. दिवसातून तीन-चार वेळा, मान मागे करून प्रत्येक घोट अर्धा मिनिट घशात खळखळवायचा आणि थुंकायचा. हळद घालायची तर चिमूटभर घाला. सहा वर्षांखालच्या मुलांना गुळणी जमत नाही. ती पाणी गिळतात किंवा त्यांना ठसका लागतो.

चोंदलेल्या नाकाला मिठाच्या पाण्याचे थेंब उत्तम. मेडिकलमध्ये सलाइनचे थेंब स्वस्तात मिळतात आणि बाळासाठी तेच आणावेत. दूध पाजण्याच्या दहा मिनिटं आधी दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब टाकले की बाळाला श्वास घेत पिता येतं. घरी करायचंच असेल तर मोठ्यांसाठी अर्धा लिटर पाण्यात पाऊण चमचा मीठ घालून ते खळखळ उकळावं, गार करावं आणि त्याच दिवशी संपवावं. जलनेती करणाऱ्यांनी नळाचं, विहिरीचं किंवा नुसतं फिल्टरचं पाणी नाकात घालू नये. नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो आणि त्यातून रुग्ण क्वचितच वाचतो. २०२५ मध्ये केरळात अमीबामुळे झालेल्या मेंदूज्वराचे बरेच रुग्ण आढळले होते. पाणी किमान एक मिनिट उकळलेलंच हवं.

नाक झटक्यात उघडणारे झायलोमेटाझोलीनसारखे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे वापरू नका. त्यानंतर थेंब थांबवले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस त्यांच्याच मागे लागतो.

वाफ घेतल्यानं बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. वाफेनं सर्दी लवकर बरी होते याचा मात्र ठाम पुरावा मिळालेला नाही, आणि भाजण्याचा धोका खरा आहे. पांघरुणाखाली, मांडीवर पातेलं घेऊन बसलेलं मूल दचकलं की मांड्या आणि पोट भाजतं. लहान मुलांना वाफारा देऊच नका. न्हाणीघरात गरम पाण्याची बादली ओतून दार लावा आणि मुलाला कडेवर घेऊन पाच मिनिटं त्या दमट हवेत बसा, तेवढं पुरे. मोठ्यांनी गॅस बंद करून पाणी रुंद बुडाच्या भांड्यात काढावं, भांडं टेबलावर ठेवावं आणि तोंड हातभर लांब धरावं. पाण्यात निलगिरीचं तेल किंवा बाम घालायची गरज नाही. पेपरमिंटच्या गारव्यानं नाक उघडल्यासारखं वाटतं, आतली सूज मात्र तशीच असते.

एक वर्षाखालचं बाळ

इथे उपाय थोडे आहेत, मनाया जास्त. सहा महिन्यांखालच्या बाळाला फक्त आईचं दूध, थोडं-थोडं आणि वारंवार. नाकात सलाइनचे थेंब. अंगावर हवामानाला पुरेसे कपडे. बस्स.

बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी नाकात तेलाचा थेंब सोडतात किंवा फुंकर मारून नाक साफ करतात. काही घरांत कोमट तूप सोडतात. तेल आणि तूप नाकातून घसरत थेट फुप्फुसात जातं, तिथून ते निघत नाही आणि त्यामुळे न्यूमोनिया होतो. हा न्यूमोनिया लवकर बराही होत नाही. मावशींच्या हाताला वर्षांचा सराव असतो, मालीश त्या छान करतात; ते त्यांनी जरूर करावं. नाकाला, कानाला आणि टाळूला मात्र त्यांनी हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी गोड शब्दांत सांगून ठेवा.

शेकशेगडीवर ओवा, लसणाची सालं आणि धूप टाकून दिलेली धुरी बाळाच्या श्वासनळ्या आकसवते. कापूर तर लहान मुलांपासून दूरच ठेवायचा. तो गिळला, हुंगला किंवा त्वचेतून शोषला गेला तर झटके येऊ शकतात. म्हणून कापराची पोटली पाळण्याला बांधायची नाही आणि दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाखाली किंवा छातीला बाम चोळायचा नाही. करोनाच्या लाटेत कापूर, लवंग आणि ओव्याची पोटली हुंगल्यानं रक्तातला प्राणवायू वाढतो असा निरोप मोबाइलवर फिरला होता. त्यात तथ्य नाही. छाती गरम राहावी म्हणून चमच्यातून ब्रँडी देणारी घरं अजून आहेत. बाळाला ब्रँडीचा थेंबही नको, तिनं रक्तातली साखर घसरते आणि श्वास मंदावतो. वेखंड उगाळून चाटवणंही बंद करा. ओवा तव्यावर कोरडा भाजून फडक्यात बांधलेली पुरचुंडी मोठ्या मुलाच्या किंवा माणसाच्या पाठीला शेकायला चांगली, पण आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा.

खोकणाऱ्याच्या खोलीतली हवाही औषधाइतकीच महत्त्वाची आहे. उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल तेवढे दिवस बंद. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे भरले होते. मच्छरदाणी लावा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यानं अंगणात ओढली तरी कपड्यांवरचा वास घेऊन बाळाला लगेच उचलू नये. मोठ्यांनी उशी उंच घेतली तर रात्रीची ढास कमी होते, बाळाला मात्र उशी देऊ नका.

श्वास मोजा

सगळे उपाय बाजूला ठेवून दवाखाना कधी गाठायचा, हे आवाजावरून ठरवू नका, श्वासावरून ठरवा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं हे गावच्या सुइणींना आणि आरोग्यसेवकांना शिकवलं. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचं साधन तयार केलं: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, एका मिनिटाची वाळू पडून संपण्याआधी लाल मणी आला तर न्यूमोनिया समजायचा. गावातच उपचार सुरू झाल्यानं बालमृत्यू घटले आणि ते निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

तुमच्या हातात मोबाइलचं घड्याळ आहे. मूल शांत किंवा झोपलेलं असताना अंगावरचा कपडा वर करून पोटाची वर-खाली हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास साठ किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी डॉक्टर. पोट उडतंय, बरगड्यांखाली खड्डे पडतायत, नाकपुड्या फुलतायत, बाळ पीत नाही, ओठ निळसर दिसतात किंवा ते मलूल पडलंय, यांतलं एक जरी दिसलं तरी रात्र असो की पाऊस, लगेच निघा. दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर मोजत बसू नका.

मूल चांगलं खेळत असताना शेंगदाणे, फुटाणे खाता खाता अचानक ठसका लागला आणि मग खोकला किंवा शिट्टीसारखा आवाज राहिला, तर दाणा श्वासनळीत अडकलेला असू शकतो. त्याला मध नाही, पाठीवर तेल नाही, थेट रुग्णालय.

मोठ्यांमध्ये खोकला लांबण्याची कारणं कधी कधी सर्दीशी संबंधित नसतात. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी सुरू झाल्यावर कोरडी ढास लागली असेल तर काढे उकळू नका. गोळी स्वतःहून न सोडता डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील. पहाटे येणारा, शिट्टी वाजणारा, धावल्यावर वाढणारा खोकला दम्याचा असू शकतो. जेवून आडवं झाल्यावर येणारा बऱ्याचदा आम्लपित्ताचा असतो आणि त्याला मिऱ्याचा काढा उलट वाढवतो. धाप, छातीत कळ, तीन दिवसांहून जास्त ताप किंवा बेडक्यात रक्त दिसलं तर थांबायचं नाही.

दोन आठवडे झाले आणि खोकला तसाच आहे, त्याच्या जोडीला संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणं आहे, तर क्षयाची तपासणी करून घ्या. सर्दीनंतरचा खोकला त्याहून लांबू शकतो हे खरं, पण तपासणीत काही जात नाही. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते, औषधंही मोफत मिळतात आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. नमुना सकाळचा द्यावा. उठल्यावर नुसत्या पाण्यानं चूळ भरा, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून आलेला बेडका डबीत घ्या, तोंडातली लाळ नको. हे घराबाहेर मोकळ्या हवेत करा, जवळपास लहान मूल नसताना, आणि डबीचं झाकण घट्ट लावून ती त्याच सकाळी दवाखान्यात पोचवा.